पेटीत झोपलेले चार

...आणि वर मला म्हणतात, अर्ज भरा! अहो, कसला अर्ज? ऑक्टोबरचं ऊन, झांबेझीच्या पुलापासून पार पेट्रोलपंपापर्यंत ट्रकांची रांग, एकेका ट्रकचे कागद सुटायला पाऊण तास, का? तर सरहद्दीच्या नाक्यावरच्या आमच्या सर्व्हरला धाप लागलीय! आणि तुम्हाला सांगते, त्याच सर्व्हरच्या पेटीत आठ प्रोसेसर आहेत. आठ! चार राबतात, चार कुलपात. गरज पडली की उठवायचे, काम झालं की झोपवायचे, जागे असतील तितक्या दिवसांचं भाडं, असा करार. म्हणजे आहेत हो पेटीत, नुसते झोपलेत! आणि ती पेटी सांभाळते कोण? मी, मुतिंता, अकरा वर्षं...

लुसाकाच्या मुख्य कचेरीत सियाचितेमासाहेबांना फोन लावला. "साहेब, चार उठवू?" तर साहेब शब्दाशब्दाला घसा खाकरत, "अं... मुतिंता... रीतसर... अं... अर्ज पाठव." पाठवला! आता तो जातो कुठून? त्याच सर्व्हरवरून! दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पडद्यावर अक्षरं, 'आपला अर्ज रांगेत आहे.' घ्या! ट्रकांच्या मागे माझाही नंबर! आणि चौघं पेटीत, नुसते झोपलेत!

तेवढ्यात दार ढकलून सिताली आला. ट्रकवाला, लोझी जमातीचा माणूस, आणि आम्ही टोंगा, म्हणजे आमची पिढीजात थट्टेची सोयरीक, एकमेकांवर गाई चोरल्याचा आळ घ्यायचा... एरवी दारातूनच ओरडतो, "आमच्या गाई परत करा, मग कागद दाखवतो!" त्या दिवशी काही नाही. भोकं पाडलेलं एक खोकं टेबलावर ठेवलं.

"बामा मुतिंता," म्हणाला, बामा म्हणजे बाई, "हात घाला आत."

घातला. पिल्लं हो! कोंबडीची. मऊ, धडधडणारी... आणि बोटाला एक गार लागलं. झटकन हात काढला.

"ट्रकमध्ये अशी बारा हजार आहेत," म्हणाला. "पोटातल्या बलकावर तीन दिवस निघतात. आज तिसरा."

"अरे, पण माझा अर्ज..."

"मग पिल्लांना सांगू का, बाईंचा अर्ज रांगेत आहे म्हणून?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं? खाली खोक्यात चिवचिव, वर पडद्यावर तीच अक्षरं, आणि भिंतीपलीकडे पेटीत चौघं ढाराढूर! उठले, आत गेले, आणि उठवले. चारही. परवानगी? नाही! पंधरा मिनिटांचं काम हो ते... पंधरा मिनिटांचं! पाऊण तासाचे कागद तीन मिनिटांत सुटायला लागले, बाहेर इंजिनं सुरू झाली, ड्रायव्हर सावलीतून धावत सुटले, आणि चार वाजता सिताली पुलापार. हातसुद्धा हलवला नाही त्यानं.

सकाळी त्याचा फोन. "नऊ हजार पोचली."

म्हणजे तीन... बारातून नऊ गेले की तीन. मला राहवलं नाही. "सिताली, मी आदल्या दिवशीच उठवले असते तर?"

 म्हणाला, "बामा, ते नका विचारू." आणि ठेवला.

नाही विचारलं परत. पण हात धुते तेव्हा तेवढं बोट दोनदा धुते, उगाचच...

आणि छळ संपला म्हणता? छे! रांग सरली तशी घाईघाईनं चौघांना झोपवायला गेले. तर रीत अशी, की आधी त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायचं, मग परत केल्याचं यंत्राला सांगायचं. मी काम न काढताच सांगितलं. यंत्र म्हणतं, 'चार परत आलेले नाहीत,' आणि भाड्याचे दिवस मोजतंय! अहो, आहेत ना पेटीत, या वेळी जागे आहेत, इतकंच! दोन दिवस झटले, तेव्हा कुठे झोपले. तोवर सियाचितेमासाहेबांचा फोन, आणि या खेपेला एकदासुद्धा घसा न खाकरता, "मुतिंता! कुणाच्या परवानगीनं?"

"साहेब, पिल्लं मरत होती."

"अर्जात पिल्लांचा उल्लेख नाही!"

चौकशी बसली. तिघे आले, आमच्याकडचे ब्रीम मासे मक्याच्या घट्ट नशिमाबरोबर चापून खाल्ले, गेले. परवा निकाल लागला. प्रोसेसर उठवायचा अधिकार माझ्याकडून काढून घेतला. वेळेवर झोपवायची जबाबदारी मात्र... माझ्याकडेच ठेवलीय.