ऑक्टोपसचा तुटका पाय

अगं, चाकणच्या एका कंपनीच्या रिसेप्शनसाठी मी भाजलेल्या मातीचा मोठा ऑक्टोपस केला होता. पिंपळे गुरवपासून टेम्पोत त्याच्याशेजारीच बसले, दर खड्ड्याला ड्रायव्हरवर ओरडत. "ताई, काय व्हत न्हाई," तो म्हणायचा.

पोहोचून कापड काढलं, तर एक पाय अर्धा तुटलेला! तासाभरात उद्घाटन. गोंद लावून दाबून धरला, तरी तुकडा चिकटेना.

तिथले सिक्युरिटीवाले काका मूळचे दापोलीचे मच्छीमार. म्हणाले, "कशाला चिकटवताय? आमच्या जाळ्यात असे कितीतरी यायचे. तुटला तरी पाय परत फुटतो त्याला."

मी तुकडा पिशवीत टाकला.

उद्घाटनाला साहेबांनी विचारलं, "हा पाय एवढासाच का?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "वाढतोय, साहेब."