दोन थांब्यांवरचं मॉस्को

किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या दवाखान्यात लशीच्या रांगेत माझ्यापुढे एक आई होती. तिचं बाळ, त्याला सांभाळणाऱ्या सायकालच्या खांद्यावर झोपलं होतं.

“सायकाल, मला रात्रपाळी लागलीय गं. आता राहायलाच ये. नाहीतर दुसरी बघावी लागेल.”

“येते, ताई. लेक राहील आजीजवळ. रविवारी तरी घरी सोडाल?”

“रविवारीही पाळी असते.”

“मग आई मॉस्कोला गेली असंच सांगते लेकीला.”

“अगं, तुझं घर तर दोन थांब्यांवर!”

“वस्तीतल्या निम्म्या पोरांची आई तिकडेच कामाला असते, तिला वेगळं वाटणार नाही. इथंच आहे म्हटलं, तर रोज बसथांब्यावर येऊन बसेल.”

“आणि रस्त्यात दिसलीस तर?”

“बाबागाडी मागच्या रस्त्यानं नेत जाईन.”