बाजूच्या सीटचं वजन

कुडवा गावातल्या गॅरेजात अल्का आपल्या स्कूटीचा नंबर लागायची वाट पाहत बसली होती. पुढ्यात दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार उभी होती. मिस्त्री रत्नपाल चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप धरून उंची मोजत होता. गाडीचा मालक ओमेश त्याच्याजवळ वाकला होता आणि ओमेशचे वडील, दुलीचंद, रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसव, रत्नपाल," ओमेश म्हणाला.

"तेवढी लहान स्प्रिंग टाकली त टायर पत्र्याले घासन, भाऊ. पंचवीसवाली घ्या."

"मी एकटाच चालवतो. वजन कुठं हाये गाडीत?"

"मंग बाजूची सीट रिकामी धरून माप घेऊ?"

"रिकामीच राहते. तीन महिने झाले गाडी आणून, बाबानं हातबी नाई लावला."

"काऊन, बाबूजी?"

"मले कोणी बस म्हटलंच नाई."

"बाबा, तुम्हीच म्हणाले ना, कायले आणली ही बेडकी?"

"गाडीले म्हटलं. तुले नाई म्हटलं."

अल्काने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"मंग कोणती स्प्रिंग मागवू, भाऊ?"

"पंचवीसवाली. आन् माप दोघांचं घे."

"बाबूजी, वजन किती तुमचं?"

"बासष्ट किलो."

"बसा मंग आत. तुम्ही बसल्यावरच खरी उंची समजन."

ओमेशने दार उघडून धरलं. दुलीचंद वाकून चपला काढू लागले.

"चपला राहू द्या ना, बाबा."

"चिखल लागन तुया गाडीले."