शेठचा न फाटणारा मासा

माझं माहेर इगतपुरीच्या अंगाला, धरनाच्या पल्याड, गावाचं नाव नका लिहू, तिथं अजून भावकी हाय आनि त्यांना मी मेलेली बरी वाटते, मला बी ते तसेच वाटतात. नाव माझं चंद्रभागा, पन सगळे चंद्री म्हनायचे, सातपूरला आले तवा चंद्राबाई झाले. आमच्याकडं पाऊस असा का अंगावरचं लुगडं वाळायचं नाय, भात लावायचा, चिखल तुडवायचा, आनि मोठं झालं का लगीन करून दुसऱ्याच्या चिखलात जायाचं. नवरा रेल्वेत गँगमन व्हता. बापानं सरकारी नोकरी बघितली, मानूस बघितलाच नाय. काय सांगू तुम्हाला, दिवसभर रूळ ठोकायचा आनि घरी येऊन मला ठोकायचा, त्याला वाटायचं दोन्ही ड्यूटीच हाय. एक दिवस त्याचा डबा भरला, त्याच्या हातात दिला, तो गेला आनि मी एसटीत बसून नाशिकला आले. माघारी बघितलं नाय, बघन्यासारखं काय व्हतं तिथं?

सातपूरला माझा थोरला भाऊ किसन, कारखान्यात पाळीवर जायाचा. भावजयीनं घरात घेतलं नाय, मागं पत्र्याची खोली व्हती ती दिली. किसन म्हनला, चंद्री, तुझं काम हाय तवर ऱ्हा, काम सुटलं का मी सोता तुला नेऊन घालीन दाजींकडं, मला चार लोकांत तोंड दाखवायचं हाय. तोंड! ते तोंड तुम्ही बघितलं असतं तर म्हनला असता, नको दाखवू बाबा. पन मी हो म्हनले, कारन तवा बोलायची सोय नव्हती. म्हंजे माझं सगळं त्या कामावर टांगलेलं. काम गेलं का मी गेले.

काम मोहनशेठच्या वर्कशॉपात मिळालं. बाहुल्या करायच्या, मऊ पिलास्टिकच्या. पांढरी पावडर आनि तेल, ते तेल म्हंजे खायाचं नाय, घाण वासाचं, दोन्ही कालवून खीर करायची, रंग टाकायचा, तापवायची, साच्यात ओतायची, थंड झाली का बाहुली बाहेर. तेल कमी घातलं का माल कडक, तेल जास्त का माल मऊ, एवढीच त्यातली अक्कल. मोहनशेठला एक येड व्हतं. कुनी बी गिऱ्हाईक आलं का बाहुलीचा एक हात याच्या हातात आनि एक हात त्याच्या हातात, ओढा म्हनायचा, ओढा जोर लावून, आपला माल फाटत नाय! दोन मोठे बापे बाहुली ओढत बसायचे, आनि आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसायचो. पेटीत भरायच्या आधी हरेक बाहुलीचे हातपाय आम्ही ओढून बघायचो, फाटली का रिजेक्शन. देवाला निवद दाखवावा तसं ते ओढनं चालायचं, एक दिवस चुकलं नाय.

मंग ऐंशी सालाच्या पुढं बाजारात मुंबईच्या कडक बाहुल्या आल्या, केसांच्या, डोळे मिटनाऱ्या. आमच्या टकल्या बाहुल्यांना कोन विचारतं? बाया कमी झाल्या, मी राह्यले. रोज सकाळी आले का आधी बघायचे, शेटर वर हाय का खाली.

तितक्यात हे दाते साहेब उगवले. मोठ्या कारखान्यात इंजिनेर, आनि नाद काय तर मासे धरायचा. गळ घेऊन समुद्रावर जायाचे सुट्टीच्या दिवशी. अहो, बाजारात मासे मिळतात, कोळनी टोपल्या घेऊन येतात, पन नाय, हे जीप घेऊन जानार, उन्हात करपनार आनि हात हलवत येनार. त्यांच्या मेव्हन्यानं परदेशातून एक मऊ मासा आनला व्हता, बोटाएवढा, शेपटी पंख्यासारखी. साहेब म्हनले, शेठ, हा तुमच्याच मालाचा केलेला हाय, शिकारी मासा दुसऱ्या माशाला गिळतो ना, तसा याला खरा समजून गिळतो, आत गळ असतो, खलास. आपल्याकडं हे कुनी करत नाय, तुम्ही करा, मुंबईचे सगळे हौशी लोक घेतील. शेठनं तो मासा हातात घेतला आनि पयलं काय केलं असंल? शेपटी धरून ओढला. तुटला. साहेबाचं तोंड बघायसारखं झालं. शेठ म्हनला, बघा, परदेशाचा माल! आपन यापरीस चांगला करू.

त्या दिवशीच मला कळलं का हे बुडनार. पन माझी खोली त्यातच बुडनार व्हती, म्हनून माशाचे नवे साचे आले ते घासायला घेतले.

शेठ आनि साहेब रंग निवडायला बसले तो तमाशा सांगते. टेबलावर सगळे नमुने मांडले, लाल, हिरवे, पिवळे, पांढरे, एकात चमकी घातलेली. साहेब पुस्तकातलं बोलायचे, खाडीचं पानी गढूळ असतं तिथं पांढरा नायतर काळपट दिसतो, नितळ पान्यात तारली माशासारखा चंदेरी पायजे, खोल पान्याला गळाला जड शिसं, उथळ पान्याला हलकं, आनि समद्यात मोठं म्हंजे शेपटी हलली पायजे. शेठ म्हनला, लालच करू, गिऱ्हाईकाला लाल आवडतो. मी म्हनले, शेठ, गिऱ्हाईक कोन, मानूस का मासा? तर म्हनला, पैसे मासा देनार हाय का? घ्या. मंग लाल झाले, त्यात चमकी, डोळ्याच्या जागी काळा ठिपका, देखने अगदी, पोरीच्या बांगड्या शोभल्या असत्या. आनि तेल? तेल बाहुलीएवढंच. साहेब म्हनले, मऊ करा, शेठ म्हनला, फाटंल. साहेब म्हनले, जरा तरी, शेठ म्हनला, मोहनशेठच्या नावानं फाटका माल गेलेला नाय. आनि हे एवढे शिकलेले साहेब, कारखान्यात पाचशे लोकांवर वरडनारे, शेठपुढं गप. बाप्यांचं असंच असतं, वरडायचं तिथं मुके आनि मुकं बसायचं तिथं वरडनार.

शेवटी ठरलं का समुद्रावर जाऊन बघू. मला न्यायचं, का तर पावडर, तेल, स्टो आनि साचे बरोबर घेऊन जायाचे, रंग नाय जमला तर तिथंच दुसरा ओतायचा. दोन बाप्यांबरोबर एकटी बाई गेली तर बोभाटा व्हईल म्हनून साहेबांनी आपली बायको बरोबर घेतली. त्र्यंबकहून जव्हारचा घाट उतरेपर्यंत ती माउली ओकत व्हती आनि साहेब तिला भरती-ओहोटी समजावून सांगत व्हते.

डहाणूकडं खाडीच्या तोंडाशी उतरलो. मी समुद्र पयल्यांदा बघितला. लोक म्हनतात डोळे भरून येतात, माझे काय आले नाय, एवढं पानी आनि प्यायला घोट नाय, काय कामाचं? एका पडक्या झापाच्या सावलीत मी स्टो पेटवला. दिवसभर दोघं गळ टाकतात आनि ओढतात, टाकतात आनि ओढतात. तो लाल मासा पान्यात कसा चालायचा सांगू, लाटन्यासारखा. शेपटी हलतच नाय. मी पांढरा ओतला, चंदेरी ओतला, काळा ओतला, शिसं बदललं, कायबी नाय. दरवेळी शेठ आधी ओढून बघनार, मंग पान्यात. समुद्राच्या काठावर बी रिजेक्शन चालू!

एक कोळीण आली, जाळं खांद्यावर, स्टोवरच्या पातेल्यात वाकून बघितलं. म्हनली, काय शिजवतेस गो? म्हनलं, मासा. म्हनली, आनि हे मासे कुनाला खिलवतेस? म्हनलं, माशाला. तिनं माझ्याकडं बघितलं, त्या दोघांकडं बघितलं, तोंडातला तंबाखू वाळूत थुंकला आनि निघून गेली. काय सांगू, मला ती बाई लय आवडली. अख्ख्या प्रवासात तेवढीच एक शहाणी.

दिवस उतरायला लागला, भरतीचं पानी खाडीत शिरायला लागलं आनि साहेब माझ्यामागं भुणभुण, चंद्राबाई, थोडा मऊ नाय का व्हनार. शेठ तवा झाडाखाली घोरत व्हता. धुरानं माझे डोळे चुरचुरत व्हते, घरचा विचार डोक्यात, हे फसलं का किसन मला नेऊन घालनार, आनि वरून ही भुणभुण. टाळकं सरकलं माझं. म्हनलं घ्या, मऊ पायजे ना, घ्या! आनि डब्यातलं उरलंसुरलं तेल सगळं पातेल्यात उलटं केलं. रंग संपलेला. साच्यातून निघालं ते शेंबडासारखं लिबलिबीत, ना रंग ना रूप, हातात धरलं तर लोंबायचं. मी रागानं दिलं, साहेबांनी परसादासारखं घेतलं. न ओढताच गळाला लावलं.

आनि त्याला मासा लागला. जिताडा व्हता, चांगला लांबसडक. साहेब गुडघाभर पान्यात नाचताहेत, बायको वरडतीय पडाल पडाल, मी उभी. खोटं कशाला सांगू, मी मनात म्हनलं चंद्री, वाचलीस. आनि त्या माशाची अक्कल बी बघा, एवढे देखने लाल मासे सोडले आनि खाल्लं काय तर शेंबूड.

आरडाओरड्यानं शेठ उठला. जिताड्याकडं बघितलंच नाय. त्याच्या तोंडातला आमचा मासा काढून घेतला, शेपटी तुटलेली, पोट फाटलेलं. हातावर ठेवून बघत राह्यला, घरात कुनी गेल्यासारखा. म्हनला, फाटला. साहेब म्हनले, अहो फाटनारच, फाटला म्हंजे गिऱ्हाईक दुसरा घ्यायला येनार, धंदा तर त्यातच हाय! शेठ म्हनला, मोहनशेठचा माल फाटत नाय. मी कधी नवऱ्याच्या पाया पडले नाय, ती मी म्हनले, शेठ, पाया पडते, मऊ करू, कामाला लागू. तर माझ्याकडं बघून म्हनला, चंद्राबाई, तुम्ही बी? जशी काय मीच त्याची अब्रू वाळूत टाकली. सगळे साचे त्यानं जीपमधी फेकले. आनि साहेब? त्यांनी जिताडा पोत्यात घातला आनि पोत्याचं तोंड बांधलं. घाट चढून नाशिकपर्यंत गाडीत नुसता माशाचा वास.

महिना झाला नाय तर शेटरला कुलूप लागलं. साचे भंगारात गेले. शेठ जाताना सगळ्यांना सांगत व्हता, धंदा बंद केला पन फाटका माल नाय विकला. लोकांनी त्याचं कवतिक केलं. करा. त्यांच्या घरचं काय जानार व्हतं?

किसन आला दारात. चपला बी काढल्या नाय. चंद्री, बांध पिशवी, सकाळी निघू. मी म्हनले, नाय येनार. म्हनला, आपलं ठरलं व्हतं. म्हनलं, तुझं ठरलं व्हतं, मी तवा भुकेली व्हते म्हनून हो म्हनले. म्हनला, खोली माझी हाय. म्हनलं, घे तुझे पत्रे. त्याला वाटलं रडंल, पाया पडंल. पाया पडायची ती मी एकदाच पडले, समुद्राच्या काठावर, आनि त्याचं काय झालं ते बघितलं. पिशवी बांधली, पन दुसऱ्या वाटेनं गेले. कारखान्यांच्या वसाहतीत गेट गेट फिरले, हाकलली, पुन्हा फिरले, शेवटी एका ठिकानी नटबोल्ट भरायला घेतलं. तिथंच म्हातारी झाले. त्यातनं ही खोली घेतली, विटांची.

नवरा मेला तवा निरोप आला, किसनच घेऊन आला गेटवर. म्हनला, आता तरी चल, बांगड्या फोडायच्या हायेत. माझी कामाची पाळी चालू व्हती. म्हनलं, माझ्या बांगड्या हायेत, मी घेतलेल्या, त्याचा काय संबंध नाय त्यांच्याशी. आनि आत जाऊन खोकी भरली. लोक म्हनले, काय काळजाची बाई. असू द्या. हे बघा, अजून घालते, हिरव्याच घालते.

आता माझं कुनाशी वाकडं नाय. शेठ हाय का गेला ठाऊक नाय, साहेब बी म्हातारे झाले असतील, किसनला गुडघे उठू देत नाय म्हंत्यात. सगळ्यांचं भलं व्हवो, खावो, पिवो, पोराबाळांत ऱ्हावो, फक्त माझ्या दारात येऊ नये. तुम्ही आलात ते येगळं, तुम्ही ऐकायला आलात. लिहिलं ना सगळं? मंग आता चहा घ्या आनि निघा, मला पडायचं हाय.