भिंतीला हात लावू नये

नाही हो साहेब, खुर्ची तिथे नका ओढू — इकडे फाटकापाशी बसा, तिथे वरून खडे पडतात. पडतात म्हणजे रोज नाही, पण पडतात. चहा घ्या. पाटी लावायला आलात, चांगलंच केलंत, मी कुठे नको म्हणते? नवी कोरी पाटी, अक्षरंही कशी ठसठशीत — ‘प्राचीन वास्तू. भिंतीला हात लावू नये. नुकसान करणाऱ्यास शिक्षा होईल.’ आणि भिंतीनेच कुणाचं नुकसान केलं तर शिक्षा कुणाला, ते खाली लिहायला जागा उरली नाही वाटतं? — हसलात. हसा हो, आम्हीही हसतो, दुसरं काय आहे हातात.

बुरूज आमच्या आधीचा, मान्य आहे मला. त्याला खेटून घर बांधलं ते आमच्या आजेसासऱ्यांनी, तेव्हा म्हणे विचारायलाही कुणी आलं नाही. एक भिंत फुकटात मिळाली म्हणून खूश झाले असतील — भोगतोय आम्ही. आता पोट सुटलंय तिला. बघा ना, छपराच्या वर ते मधले दगड कसे पुढे आलेत. आणि बरोब्बर त्यांच्या खाली, आतल्या खोलीत, सासूबाईंची खाट. आमचे हे गवंडी आहेत — हो, गवंडी! लोकांच्या भिंती सरळ करत हिंडतात आणि स्वतःच्या आईच्या डोक्यावरच्या भिंतीला बोट लावायची सोय नाही. लावले होते की त्यांनी, दोन वासे, टेकू म्हणून. तर तुमच्याच ऑफिसातून नोटीस आली — विनापरवाना बांधकाम. काढा, नाहीतर खटला. काढले. मग म्हटलं, तुम्ही लावा. तर म्हणाले, अंदाजपत्रक वर गेलंय. वर म्हणजे कुठे, ते खाली कुणालाच माहीत नाही! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना — तसं झालंय आमचं.

ती दोरी? अहो, धरू नका ती — ओळंबा आहे तो, ह्यांनी सोडलाय वरच्या दगडावरून, घराच्या कडेला, अंगणाच्या बाजूने. खालचं वजन आधी ह्या फरशीच्या कडेवर यायचं. आता बघा कुठे आलंय, पार अंगणात सरकलंय. हे सकाळी कामावर निघताना तिथे उभे राहतात, बघतात, आणि डबा उचलून चालायला लागतात. ज्या दिवशी काही बोलत नाहीत ना, त्या दिवशी मी समजते — आणखी सरकलं.

खाट हलवा? अहो, सगळे येतात ते हेच सांगतात. सासूबाई तयार व्हायला नकोत? पाय गेलेत त्यांचे, पण तोंड शाबूत आहे. म्हणतात, ‘मी लग्न होऊन आले तेव्हापासून उभी आहे ती. तिच्या आधी मी जाईन, काळजी करू नकोस.’ उचलायला गेलं की खाटेचा दांडा घट्ट धरतात आणि रडायला लागतात — ह्यांचा जीवच होत नाही मग. हे जातात कामावर, मागे राहते मी. भरवायचं मी, पुसायचं मी, कूस बदलायची मी, आणि झोपायचंही तिथेच, खाटेशेजारी खाली — म्हणजे भिंत माझ्याही डोक्यावरच आली की. कधी कधी काय वाटतं सांगू? पडायचीच आहेस तर पड बाई एकदाची. मी पाण्याला गेलेली असताना पड, म्हणजे मी तरी सुट —

नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला. चहा गार झाला तुमचा. दुसरा टाकते. तसं नव्हतं हो म्हणायचं.

साहेब, एक विचारू का? रागावू नका. हा तुमच्या पाटीचा लोखंडी खांब — चांगला दणकट दिसतोय. हा तिरका नाही का लावता येणार? वरचं टोक त्या फुगलेल्या दगडांना टेकवून? पाटी जरा वाकडी दिसेल, वाचणारा मान वाकडी करून वाचेल, काय बिघडलं. आम्ही टेकू लावला तर गुन्हा, पण तुमचा खांब सरकारी, त्याला कोण नोटीस देतंय? — नियमात नाही. सरळच हवा. रस्त्यावरून दिसायला हवा. बरं. बरं म्हणजे काय, बरंच म्हणायचं मी. सगळं सरळ पाहिजे तुम्हाला, एक ती भिंत सोडून.

हा आवाज कसला? तुमचे ड्रायव्हर कुठे गेले? — अहो, ते खड्डा कुठे खणताहेत! भिंतीच्या पायात? पहार घालताहेत पायात! नकाशात तीच जागा असेल हो, असू दे, थांबवा त्यांना आधी! दादा! अहो दादा, पुरे, ठेवा ती पहार!

थांबले ना?

मग हा ओळंबा का हलतोय? वारा नाही. दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नाहीयेत. — नाही, तुम्ही येऊ नका, तुम्ही तिथेच फाटकाशी थांबा, सोडा माझा हात, सोडा म्हणते ना! आई! आई, मी येतेय — दांडा सोडा खाटेचा — माझ्या गळ्यात हात टाका, आई —