लंगड्या सैतानाचा पाय

समारंभाच्या अध्यक्ष, नगराध्यक्ष दोन्या मिग्दालिया. आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते कार्निव्हल समितीचे मावळते प्रमुख डॉन एलादिओ. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आणि एवढ्या उकाड्यातही टाय सैल न करणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला दोन मिनिटं 'प्रेरणादायी' बोलायला सांगितलं आहे. मी स्वमग्न आहे, चाकाच्या खुर्चीत बसते आणि टॅब्लेटवर राक्षस, पऱ्या, पाण्याखालची शहरं काढते. प्रेरणा संपली. उरलेल्या वेळात डॉन एलादिओंविषयी बोलते.

एकवीस वर्षं त्यांनी आपला कार्निव्हल सांभाळला. यंदाच्या पोस्टरसाठी तर त्यांनी स्पर्धा ठेवली, तीही नावं झाकून. केवढा हा न्याय! नाव झाकलेलं होतं तोवर माझा सैतान एकमतानं पहिला आला. नाव उघडलं आणि अख्खी समिती माझ्या घरी आली.

मामीनं कॉफी दिली. मी पलंगावर आडवी पडून काम करत होते. माझी पाठ तेवढंच चालू देते. कानांवर हेडफोन होते. हेडफोन घातलेल्याला काही ऐकू येत नाही, असा एक गोड समज आहे.

"सेन्योरा, चित्र खरं कोणी काढलं?" डॉन एलादिओंनी हळूच विचारलं.

"हिनं," मामी म्हणाली.

"तसं नव्हे हो. मदत कोणाची?"

"मांजराची. ते टॅब्लेटवर बसत नाही, हीच त्याची मदत."

"मग यंत्रानं काढलं असणार. हल्ली यंत्राला नुसतं सांगायचं असतं म्हणे."

मी फाइल उघडून पुढे धरली. आमच्या कामात चित्र एकावर एक पारदर्शक थर रचून होतं आणि प्रत्येक थराला नाव देता येतं. पुष्कळजण 'थर एक', 'थर दोन' लिहून मोकळे होतात. मला ते जमत नाही. जे आहे तेच मी लिहिते. डॉन एलादिओंनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "शेपटी. पंखांची सावली. डॉन एलादिओंचं नाक, टाळ्यांची वाट पाहताना."

चिटणीसांना ठसका लागला. मामीनं विचारलं, "साखर घालू अजून?"

"हे यंत्राचं काम नाही," डॉन एलादिओ म्हणाले. रसिकता म्हणतात ती ही! पण उंबऱ्यावर ते थबकले. "पोरी, सैतानाचा तेवढा पाय सरळ कर. लोकांना वाईट वाटेल."

"कोणाला?"

"म्हणजे... तुझ्यासारख्यांना."

"मला नाही वाटत."

"तुला कळत नाही ना, म्हणून. आम्हाला कळतं."

मंडळी, आपला सैतान आकाशातून ढकलला गेला आणि पाय मोडून बसला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. फेब्रुवारीभर धडधाकट माणसं त्या लंगड्याचे मुखवटे घालून उड्या मारतात, तेव्हा कोणाला वाईट वाटतं? मग लंगडीनं लंगडा काढला की तेवढा अपमान होतो का?

त्या पायाला मला अकरा दिवस लागले. कंबर कुठे खचते, भार कोणत्या बोटांवर येतो, टाच कधी टेकते. बारा वर्षांची होईपर्यंत मी तशी चालायचे. माझी ती चाल आता फक्त त्या चित्रात आहे.

आज सहा वाजता छापखाना बंद होतो. डॉन एलादिओंच्या पुढ्यात दोन नमुने आहेत. एक माझा, दुसरा परस्पर पाय सरळ करवून आणलेला. प्रमुख म्हणून त्यांची ही शेवटची सही. सरळ पायाखाली माझं नाव छापायचं नाही, असं मी लिहून दिलंय. म्हणजे त्यावर सही झाली तर माझं पोस्टरही गेलं आणि चालही.

मला सूचक बोलणं कळत नाही, म्हणून मी सूचक बोलतही नाही. डॉन एलादिओ, लंगड्यावर सही करा. मीच वर येऊन कागद घेतला असता. पण इथे चार पायऱ्या आहेत, आणि खुर्चीसाठी उतार 'पुढच्या वर्षी' होणार, असं आपण एकवीस वर्षं सांगत आलात. तेव्हा कागद घेऊन आपणच खाली या. घाई नाही, पावणेसहाच झालेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल आभार. भाषणात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. पाय चुकलेला नाही.