टिंब आपल्याकडे

नाही नाही, हात खाली घ्या सर. अजून काही सुरूच केलेलं नाही मी — नुसतं इंजेक्शन तर दिलंय, डावा गाल बधिर व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? तोंड मोठं ठेवा. हो, माहितीये, जबड्यात रबराचा ठोकळा असला की बोलता येत नाही. खरं सांगायचं तर इतक्यात ठेवायची गरज नव्हती, दाढ काढताना ठेवला असता तरी चाललं असतं. पण म्हटलं, सर एवढी वर्षं बोलले आणि आम्ही ऐकलं, आज पाच मिनिटं उलट होऊ दे. ओळखलंत ना मला? की मास्क काढून दाखवू? — हं. ओळखलंत. डोळ्यांवरून कळतंय.

काउंटरवर म्हणालात म्हणे, विद्यार्थी नकोत, कुणीतरी सीनियर बघू दे. मीच सीनियर आहे सर. सकाळी पेशंट, दुपारी लेक्चर — तुमचाच विभाग, तुमचीच केबिन, तुमचंच ते करकरणारं कपाट. सकाळी यादीत तुमचं नाव वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला बघा. खालची दाढ, आठ दिवसांचा ठणका. केसपेपर लिहिणारी पोरगी एक्स-रेची फिल्म घेऊन आली, ओलीच होती अजून, मी तिच्या हातातून ओढूनच घेतली आणि त्या उजेडाच्या काचेवर लावली. म्हटलं, सरांचं सगळं मी स्वतः करणार, इतर कुणी हात लावायचा नाही. ती केसपेपर वाचून दाखवत होती तर तिलाही बाहेर काढलं. तुमचं नाव वाचलं होतं, मला तेवढं पुरे होतं. दोन्हीकडच्या दाढा काळ्या पडल्यात हो तुमच्या! दुसऱ्यांचे दात सांभाळता सांभाळता स्वतःचे राहिले, काय?

पुन्हा हात. ठोकळा टोचतोय का, उजवीकडे? काही होत नाही, ती धड बाजू आहे. डोळ्यांतून पाणी येतंय — येऊ दे. बावीस वर्षांपूर्वी माझ्याही आलं होतं, याच खोलीत, त्या बेसिनपाशी. आठवतोय तो शिंपी? नाही आठवणार. मला त्याचा शर्टसुद्धा आठवतो, कॉलरला टाचणी लावलेली होती, कामावरून तसाच उठून आला होता बिचारा. त्याच्याही दोन्हीकडच्या दाढा काळ्या. मी शेवटच्या वर्षाला, पहिल्या नंबराची — हो, मीच सांगते, दुसरं कोण सांगणार? फिल्म तुम्ही लावलीत. स्वतःच्या हातांनी. मीटिंगला जायची घाई होती, उजेडाच्या काचेवर चिकटवलीत आणि म्हणालात, हं, डावी, काढ. आणि ती उलटी होती! पहिल्या वर्षापासून तुम्ही घोकून घेतलेलं — फिल्मवरचं टिंब आपल्याकडे फुगलेलं पाहिजे, नाहीतर डावं ते उजवं दिसतं आणि उजवं ते डावं. टिंब आपल्याकडे, टिंब आपल्याकडे — झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण तुम्ही लावलेल्या फिल्मचं टिंब कोण तपासणार? कुणाची टाप होती? तो शिंपी सारखा हात वर करत होता. मी थांबले होते सर. थांबले होते मी! तुम्ही दारातून म्हणालात, पेशंट घाबरून हात वर करतात, लक्ष देऊ नकोस. मग नाही दिलं.

चांगली दाढ होती हो. किडलेली होती पण वाचली असती. तो रक्त थुंकत म्हणाला, ही नव्हती बाई, ही नव्हती. तुम्ही परत आलात, काचेकडे बघितलंत, फिल्म काढलीत, पुसल्यासारखी केलीत आणि सरळ करून लावलीत. मी बघितलं. तुम्ही बघितलंत मी बघितलेलं. आणि मग सगळ्या बॅचसमोर, आवाज न चढवता — तुमचा आवाज कधी चढला नाही, हेच तर — म्हणालात, 'फिल्म कोणी लावली इथे?' मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही हात धुवायला वळलात. 'बाहेर हो,' म्हणालात. झालं. एक वर्ष गेलं, आणि नाव पडलं ते कायमचं. डावीउजवी! कॅन्टीनमध्ये, लायब्ररीत, अगदी ज्युनियरसुद्धा — ती बघ डावीउजवी चालली.

वर्षाचं काही नाही, भरून काढलं मी. आबांचं काय? माझे वडील तुम्हाला भेटायला आले होते, बाहेरच्या त्या बाकावर सकाळी नऊपासून बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तुम्ही मागच्या दाराने गेलात. शिपायाकडून निरोप — मुलीचं लक्ष नसतं. घरी आले, बूट काढले, मला एवढंच म्हणाले, 'जरा लक्ष देत जा गं.' मी सांगितलं त्यांना, हजारदा सांगितलं. ते मान हलवायचे. पण विश्वास? विश्वास तुमच्यावर होता, एवढे मोठे सर खोटं कशाला बोलतील? जातानासुद्धा त्यांच्या लेखी चूक माझीच होती. याची भरपाई कुठल्या परीक्षेत होते सांगा ना मला.

तर आता असं करायचं. बाहेर दहा जणांची बॅच उभी आहे, तुमच्यासारख्या सरांचं बघायला मिळणार म्हणून हरखलीत पोरं. त्यांना आत घेते. शिंप्याची गोष्ट पहिल्यापासून सांगते आणि शेवटी विचारते, खरं ना सर? ठोकळा तोंडात असू दे, तुम्ही फक्त मान हलवायची. हलवली की दाढ अशी काढेन की कळणारही नाही. नाही हलवली, तर — काढेन तरीही. हळूहळू काढेन. अहो, हात काय सारखा! उजव्या गालाकडे काय दाखवताय, माशी नाहीये तिथे. घाबरू नका. घाबरून वर करतात हात, मला माहितीये.

या रे, या सगळे. खुर्चीभोवती उभे राहा, पुढचे बसा. हे आपले सर. मी जे काही शिकले ते यांच्याकडून. तू गं, केसपेपरवाली, तू तिकडे कुठे काचेपाशी, इकडे — काय? मोठ्याने बोल. कसलं टिंब? टिंब... पलीकडे गेलंय म्हणजे? दाखव तो केसपेपर. उजवी लिहिलंय. उजवी.

थांबा. कुणी बोलायचं नाही.

फिल्म कोणी लावली इथे? विचारतेय मी. माझ्या तोंडाकडे काय बघतेस — ओली फिल्म आणून देतेस, धड — फिल्म कोणी लावली? बाहेर हो. ऐकू आलं ना? हो बाहेर.

सर? ... सर, हात का खाली घेतलात?